तुमचे प्रश्न : मनाकडे बघायचं तरी कसं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की मानसशास्त्रातले सगळे पंथ म्हणजे खरं तर एकाच गोष्टीवरचं भांडण आहे, मन बघायचं कसं आणि पुरावा म्हणायचं कशाला. त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. सगळे घेता आले नाहीत, जे सारखे सारखे येत होते तेवढे घेतलेत.

प्रश्न : ताई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, मनोविश्लेषण, समष्टिवाद असे धडे एकामागे एक आहेत, प्रत्येकाचा जनक, साल, वैशिष्ट्यं, टीका. पाठ करते आणि पेपरात सगळ्याची सरमिसळ होते. आणि सुरुवात १८७९ लाच झाली असं का म्हणतात?

उत्तर : पाठ करणं आधी थांबव. प्रत्येक पंथाला फक्त दोन प्रश्न विचार, तुम्ही काय बघितलंत आणि कशाने बघितलंत. बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

१८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली म्हणून ते साल धरतात. पण मला स्वतःला गोष्ट त्याच्या ३० वर्षं आधीपासून सांगायला आवडते. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती की नसेतून संदेश क्षणार्धात जातो, तो वेग मोजणं शक्यच नाही. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला, आला सेकंदाला साधारण २७ मीटर, म्हणजे आवाजापेक्षाही कितीतरी हळू. हे मला अजूनही थक्क करतं, कारण जे काम करायला वेळ लागतो ते मोजता येतं, आणि मोजता येतं म्हटल्यावर प्रयोगाचं दार उघडतं. मग १८६० मध्ये फेखनर यांनी उद्दीपक, म्हणजे आवाज, उजेड, वजन असं काही, किती वाढवला की संवेदना किती वाढते याचं गणित मांडलं, आणि १८६८ मध्ये डोंडर्स यांनी आणखी सोपी युक्ती काढली, साध्या प्रतिक्रियेला किती वेळ लागतो ते मोजा, निवड करून प्रतिक्रिया द्यायला किती लागतो ते मोजा, वजाबाकी करा, उरला तो निवड करायचा वेळ. ही वजाबाकी आजही लॅबमध्ये चालते, फक्त यंत्रं बदललीत.

वुंट यांनी हे सगळं एका छपराखाली आणलं, विद्यार्थी तयार केले, आणि त्यातलाच एक टिचनर १८९२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. रचनावाद म्हणून आपण जे शिकतो ते मुख्यतः टिचनरचं आहे. मन कशाकशाचं बनलंय ते शोधायचं, आणि शोधायचं हत्यार म्हणजे अंतर्निरीक्षण, स्वतःच्या मनात डोकावून काय दिसतं ते सांगणं. तेही कुणीही उठून करायचं नाही, निरीक्षकांना भरपूर सराव द्यायचे. टेबल दाखवलं आणि तुम्ही ‘टेबल’ म्हणालात तर चूक, कारण टेबल ही वस्तू झाली, तुम्हाला दिसतो तो रंग, उजेड, आकार तेवढाच सांगायचा. वुंट स्वतः एवढे एकमार्गी नव्हते, त्यांचं म्हणणं होतं की भाषा, पुराणकथा, चालीरीती यांच्यामागचं मन असं लॅबमध्ये सापडणार नाही, आणि त्यावर त्यांनी १९०० ते १९२० मध्ये १० खंड लिहिले. ते खंड पाठ्यपुस्तकात जेमतेम एका ओळीत संपवतात याचं मला वाईट वाटतं.

आता तडा कुठे गेला ते बघ, कारण पुढची ५० वर्षं त्या तड्यातून आली. वुर्त्सबुर्गला क्युल्पे यांच्या लॅबमधले निरीक्षक म्हणाले की काही विचार येतात त्यांच्याबरोबर कुठलीच प्रतिमा नसते. टिचनरच्या लॅबमधले म्हणाले असते, नीट बघा, आहे. मग खरं कुणाचं? दुसऱ्याच्या मनात डोकावून निवाडा करणारा तिसरा माणूस आणायचा कुठून? दोन्हीकडचे लोक प्रामाणिक, दोन्हीकडचे सराव केलेले, आणि तरी प्रश्न सुटायला मार्गच नाही. रचनावाद याच्यावर अडला, आणि १९२७ मध्ये टिचनर गेल्यावर त्याचं पुढे चालवणारं फारसं कुणी राहिलं नाही.

त्याच काळात एबिंगहाउस यांनी मात्र आत डोकावायचा हट्टच धरला नव्हता. त्यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ केली आणि ती विसरल्यावर पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो तेवढं मोजलं, १८८५ मध्ये छापलं. त्यांचा विसरण्याचा आलेख अजून शिकवतात, कारण तो कुणालाही स्वतः करून बघता येतो.

कार्यवादासाठी एवढंच लक्षात ठेव की तिथे डार्विन आलाय. मन कशाचं बनलंय हे सोडा, ते कशासाठी आहे ते सांगा. विल्यम जेम्स यांनी १२ वर्षं घालवून १८९० मध्ये जो मोठा ग्रंथ काढला त्यात म्हटलं की जाणीव तुकड्यांची नसतेच, ती प्रवाहासारखी वाहते, तुकडे आपण नंतर पाडतो. कार्यवाद पंथ म्हणून फार टिकला नाही, पण मुलांचं शिकणं, बुद्धीच्या चाचण्या, प्राण्यांवरचे अभ्यास अशा सगळ्यात तो मुरला. आणि हो, याच जेम्सची विद्यार्थिनी मेरी कॅल्किन्स, तिने हार्वर्डमध्ये पीएचडीच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या, जेम्सनी तिची बाजू घेतली, तरी बाई म्हणून तिला पदवी दिली नाही. १९०५ मध्ये ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची अध्यक्ष झाली. तुझ्या नोट्समध्ये जनकांच्या रकान्यात एकही बाई नसेल, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : मी शाळेत शिकवतो. वॉटसनने एका तान्ह्या मुलाला मुद्दाम घाबरवलं असं वाचलं आणि झोप लागली नाही. असल्या माणसांना आपण थोर म्हणून का शिकवतो? आणि कुत्रा, घंटा हे सगळं माणसाला लावायचं कसं?

उत्तर : सर, झोप उडाली ते बरोबरच झालं, त्या प्रयोगाबद्दल मलाही तसंच वाटतं. पण तो झाला का ते समजून घेऊ, म्हणजे राग नेमक्या जागी ठेवता येईल.

वर लिहिलं तो निवाड्याचा प्रश्न, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं खरं-खोटं ठरवायचं कसं, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसनला छळत होता. १९१३ मध्ये त्याने सरळ जाहीर केलं की जे बाहेरून दिसतं, म्हणजे वर्तन, तेवढंच बघायचं, जाणीव वगैरे शब्दच काढून टाकायचे. हाच वर्तनवाद. याला आधार तयार होता. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत बंद करून दाखवलं होतं की सुटकेची युक्ती त्यांना एकदम सुचत नाही, धडपडत धडपडत चुकीच्या हालचाली गळत जातात. पाव्हलॉव्ह तर मुळात पचनाचा अभ्यास करत होते, १९०४ चं नोबेल त्यांना पचनासाठीच मिळालं, पण त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्याची लाळ अन्न तोंडात पडायच्या आधीच सुटते, आणि अन्नाआधी दर वेळी एकच खूण दिली की पुढे नुसत्या खुणेनेही सुटते. घंटेचं चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, प्रत्यक्षात त्यांनी मेट्रोनोम, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं, कारण त्यांना उद्दीपक मोजूनमापून द्यायचा होता.

मग १९२० चा तो प्रयोग. वॉटसन आणि त्याची सहकारी रोझाली रेनर. साधारण ९ महिन्यांचा अल्बर्ट, पांढऱ्या उंदराला तो अजिबात घाबरला नाही. ११ महिन्यांचा झाल्यावर उंदीर समोर आला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. असं काही वेळा केल्यावर मूल नुसता उंदीर दिसला तरी रडायला लागलं, मग ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही. आणि ती भीती काढायचा प्रयत्न न करताच त्याला जाऊ दिलं. माझ्या मते यात दोन वेगवेगळे दोष आहेत आणि ते वेगळेच सांगायला हवेत. पहिला माणुसकीचा, त्याला माफी नाही. दुसरा शास्त्राचा, एकच मूल, तुलनेला दुसरं कुणी नाही, घाबरलं की नाही हे ठरवणारे तेच, ज्यांना ते घाबरायला हवं होतं. म्हणजे ज्याला कडक पुरावा हवा होता त्यानेच इतक्या कच्च्या पुराव्यावर इमारत उभी केली. ‘डझनभर धडधाकट मुलं द्या, हवं ते बनवून दाखवतो’ हे त्याचं वाक्य सगळे सांगतात, त्याच्या लगेच पुढे तो स्वतः कबूल करतो की मी माझ्याजवळच्या तथ्यांच्या पुढे जातोय, ते कुणी सांगत नाही. वर्गात सांगा.

पण तुमच्या विद्यार्थ्यांना गोष्ट इथे संपवू देऊ नका. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सनी पीटर नावाच्या जवळजवळ ३ वर्षांच्या मुलाची सशाची भीती काढली. मूल आवडीचं खात असायचं, ससा पिंजऱ्यात लांब ठेवायचा, रोज थोडा थोडा जवळ, मूल बिचकलं की मागे. शेवटी पीटर सशाशी खेळायला लागला. १९५० च्या दशकात वोल्पे यांनी याच वाटेने मोठ्यांच्या भीतीवर उपचार बसवला, आणि आज विमानाची, उंचीची, कुत्र्याची भीती घालवताना जे टप्प्याटप्प्याने समोर नेतात त्याचं मूळ इथे आहे. अल्बर्टचं नाव ज्याला माहितीये त्याला पीटरचंही माहीत असावं असं मला फार मनापासून वाटतं.

प्रश्न : फ्रॉइड चुकीचा ठरला असं हल्ली सगळेच म्हणतात. मग मी सत्तरीत तो वाचायला घेतलाय ते फुकटच का?

उत्तर : नाही हो काका, फुकट कसं. फक्त काय घ्यायचं आणि काय ठेवून द्यायचं ते बघून वाचा.

फ्रॉइड व्हिएन्नातले मज्जासंस्थेचे डॉक्टर. त्यांच्याकडे असे पेशंट यायचे ज्यांचा हात हलत नाही पण नसांमध्ये दोष काही सापडत नाही. ब्रॉयर यांच्याबरोबर त्यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावर पुस्तक काढलं, मग स्वप्नांवरचं, त्यावर साल १९०० छापलंय आणि त्याच्या ६०० प्रती खपायला ८ वर्षं लागली. बघा, इकडे लाइपझिगवाले धडधाकट माणसाच्या संवेदना मोजत होते आणि हा डॉक्टर दुखण्यापासून सुरुवात करत होता, लॅब नाही, घड्याळ नाही, आडवं व्हायला एक कोच आणि बोलणारा माणूस. हेच मनोविश्लेषण. अडचण इथे झाली की निरीक्षण करणारेही तेच, अर्थ लावणारेही तेच, आणि पेशंट हो म्हणाला तरी सिद्धांत खरा, नाही म्हणाला तर तो प्रतिकार, म्हणजे तरीही खराच. कार्ल पॉपर यांचा मुख्य आक्षेप हाच होता, जे कधी चुकूच शकत नाही त्याला शास्त्र कसं म्हणायचं. त्यांच्याच गटातही पटलं नाही, १९११ मध्ये अॅडलर बाहेर पडले, १९१३ मध्ये युंगशी फाटलं.

लैंगिक विकासाच्या पायऱ्या, इडिपस गंड (मुलाला आईची ओढ आणि बापाशी चढाओढ), स्वप्नातल्या प्रतीकांचे ठरलेले अर्थ, हे ठेवून द्या असं मी म्हणेन. उरतं काय? बालपणीच्या नात्यांचा पुढे परिणाम होतो हा प्रश्न उरतो, आणि त्या प्रश्नाचं पुढे जे झालं ती या सगळ्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. मूल आईला का चिकटतं? मनोविश्लेषणवाले म्हणत, ती दूध देते, भूक भागवते म्हणून. वर्तनवाले म्हणत, दूध हे बक्षीस, आई त्याच्याशी जोडली जाते म्हणून. एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन पंथ इथे चक्क एकच उत्तर देत होते! १९५८ मध्ये हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे ठेवलं तरी पिल्लं पिण्यापुरती तिच्याकडे जायची आणि बाकीचा दिवसभर कापडाच्या आईला बिलगून बसायची. दोन्ही पंथांचं उत्तर एकदमच पडलं. (पिल्लांचे हाल झाले, आणि ते मी अल्बर्टइतकंच मनावर घेते.) त्याच सुमारास जॉन बोल्बी, जे स्वतः मनोविश्लेषणात तयार झाले होते, त्यांनी आईपासून दुरावलेल्या मुलांच्या अभ्यासातून जवळिकीचा सिद्धांत मांडला, आणि मेरी एन्सवर्थनी आई खोलीतून गेली आणि परत आली की मूल काय करतं ते प्रत्यक्ष बघायची पद्धत बसवली. प्रश्न फ्रॉइडकडचा होता, बघायची पद्धत त्यांची नव्हती, म्हणून तो पुढे गेला. तेव्हा वाचा काका, प्रश्नांसाठी वाचा.

प्रश्न : गेस्टाल्ट मानसशास्त्र आणि गेस्टाल्ट थेरपी एकच का?

उत्तर : नाही. थेरपी पर्ल्स दांपत्याची, १९५० च्या आसपासची, नाव उसनं घेतलेलं आणि नातं बरंच लांबचं. मूळ गेस्टाल्ट, म्हणजे पुस्तकातला समष्टिवाद, हा जर्मनीतल्या वर्थायमर, कोहलर, कोफ्का यांचा. १९१२ मध्ये वर्थायमरनी दाखवलं की दोन दिवे एका ठरावीक अंतराने लागले-विझले की आपल्याला एकच दिवा सरकताना दिसतो. सरकलेलं काहीच नसतं. मग ती हालचाल कुठल्या तुकड्यात शोधणार? तुकड्यांची बेरीज करून मन समजेल या कल्पनेला हा धक्का होता. ‘संपूर्ण हे भागांपेक्षा जास्त असतं’ असं लोक म्हणतात, गेस्टाल्टवाल्यांचं म्हणणं खरं तर ‘वेगळं असतं’ असं होतं. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केली तेव्हा कोहलर स्वतः ज्यू नसताना त्यांनी वर्तमानपत्रात उघड निषेध लिहिला, आणि १९३५ मध्ये देश सोडला. एक बहरात असलेला पंथ कुठल्याही प्रयोगाने हरला नाही, राजकारणाने उधळला गेला.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चॉम्स्कीने स्किनरला एका लेखात संपवलं असं सगळीकडे वाचतो. खरंच असं एका लेखाने होतं का?

उत्तर : नाही होत, आणि ही समजूत मोडायला हवी. वर्तनवादी स्किनरचं १९५७ चं भाषेवरचं पुस्तक, भाषातज्ज्ञ चॉम्स्कीचं त्यावरचं परीक्षण १९५९ चं. मुद्दा जबरदस्त होता, मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, मग ती बक्षिसाने कशी पक्की झाली? पण तडे आधीच पडत होते आणि ते वर्तनवाद्यांच्याच घरात. टोलमन उंदरांनाच भूलभुलैयात सोडत होता आणि १९४८ मध्ये म्हणाला की उंदराच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो, बक्षीस नसतानाही. म्हणजे ‘आत काहीतरी आहे’ हे बाहेरच्या वर्तनावरूनच मान्य करावं लागलं.

आणि मग तुमचा कॉम्प्युटर आला. यंत्र माहिती घेतं, साठवतं, नियमाने बदलतं, आणि त्यात भुताटकी काही नाही, मग माणसाच्या आत चालतं त्याबद्दल बोलायला लाज कसली? ११ सप्टेंबर १९५६ ला एमआयटीमध्ये एक बैठक भरली होती, नेवेल आणि सायमन यांनी तर्काचे सिद्धांत सिद्ध करणारा प्रोग्रॅम मांडला, चॉम्स्कीने व्याकरण मांडलं, जॉर्ज मिलरने एका वेळी साधारण ७ गोष्टी लक्षात राहतात ते सांगितलं. मिलर पुढे तो दिवस बोधनिक मानसशास्त्राचा, म्हणजे विचार, स्मरण, लक्ष यांच्या अभ्यासाचा, जन्मदिवस म्हणायचा. १९६७ मध्ये नायसरच्या पुस्तकाने नाव पक्कं केलं. पण एक बघा, हे लोक टिचनरसारखं आत डोकावून सांगा म्हणाले नाहीत, वेळ मोजला, चुका मोजल्या. प्रश्न जुना, शिस्त वर्तनवाद्यांनी लावलेली. आणि स्किनरचं प्रबलन (हवं ते वर्तन बक्षिसाने पक्कं करणं) ऑटिझमच्या मुलांना शिकवण्यापासून व्यसनमुक्तीपर्यंत आजही कामाला येतं, म्हणून संपवलं हा शब्द मला पटत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मॅस्लोचा पिरॅमिड दाखवतात. तो सिद्ध झालाय का?

उत्तर : गरजांची यादी १९४३ च्या लेखातली, पिरॅमिडचं चित्र मॅस्लोंनी काढलेलं नाही. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची नाही असंही ते म्हणाले नव्हते, आणि तो कडक क्रम पुराव्यात टिकत नाही. मॅस्लो ज्या मानवतावादी गटातले, माणसाच्या वाढीच्या क्षमतेवर भर देणाऱ्या, त्यातला माझ्या मते जास्त मोलाचा माणूस कार्ल रॉजर्स, कारण त्याने बंद खोलीतली थेरपी रेकॉर्ड केली आणि १९४२ मध्ये एका केसची सगळी संभाषणं शब्दशः छापली. पहिल्यांदाच तिसऱ्या माणसाला तपासता आलं की खोलीत नेमकं काय बोललं गेलं.

प्रश्न : मी डिप्रेशनसाठी समुपदेशनाला जाते. मॅडम एका वहीत ‘काय झालं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय’ असे रकाने भरायला सांगतात. हे कुठल्या पंथाचं? आणि कधी कधी वाटतं, नुसतं लिहून काय होणार.

उत्तर : तुमच्या वहीची गोष्ट आरन बेक यांच्यापासून सुरू होते. ते मनोविश्लेषक होते आणि फ्रॉइड सिद्ध करायलाच निघाले होते. डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग, असा सिद्धांत होता, तर पेशंटच्या स्वप्नांत राग सापडायला हवा म्हणून त्यांनी स्वप्नं तपासली. राग सापडला नाही, सापडलं ते हरणं, नाकारलं जाणं, आपलं काहीच नीट होत नाही हे. त्यांनी पेशंटवर ‘प्रतिकार’ असा शिक्का मारला नाही, सिद्धांत सोडला. मग लक्षात आलं की जागेपणीही या लोकांच्या मनात असेच झटकन येऊन जाणारे विचार चालू असतात, इतके सवयीचे की ते विचार आहेत हेच कळत नाही, ते खरंच वाटतात. अल्बर्ट एलिस १९५५ च्या सुमारास वेगळ्या वाटेने अशाच ठिकाणी पोचले होते. १९७७ मध्ये बेक यांच्या उपचाराची औषधाशी समोरासमोर तुलना झाली आणि तो तोडीचा, काही बाबतीत सरस ठरला, नंतर अनेक चाचण्या झाल्या.

त्यामुळे तुमच्या वहीत ‘मनात काय आलं’ हा रकाना बघितला की मला टिचनर आठवतात, फक्त इथे खरं-खोटं ठरवायला पुढे पुराव्याचा रकाना आहे. मॅडम टाळलेली एखादी गोष्ट थोडी थोडी करायला सांगत असतील तर ती पीटरच्या सशाची वाट आहे, आणि तुमचं बोलणं न तोडता ऐकत असतील तर ते रॉजर्सकडून आलंय. नुसतं लिहून काय होणार असं वाटणं हासुद्धा एक विचारच आहे, तो याच आठवड्यात ‘मनात काय आलं’ या रकान्यात टाका आणि मॅडमना दाखवा. आणि जगणंच नको असं कधी वाटलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी त्यांना किंवा डॉक्टरांना सांगा.